सरक गं

"इंग्रजी बोलतात चोख, मॅडम. कर्ता, क्रियापद, कर्म, सगळं जागच्या जागी. पण प्रत्येक वाक्याआधी हळूच म्हणतात, 'सरक गं.'"

भाषारोपण प्रयोगशाळेतला तरुण मेंदूतज्ज्ञ नचिकेत तोरणे सकाळपासून तक्रारी वाचत होता. मदुराईचे शिकाऊ म्हणत होते, जोरहाटचे म्हणत होते. मराठीचं अक्षर ज्यांच्या कानावरून गेलं नव्हतं, तेही म्हणत होते. एका मुलीनं तर मुलाखतीत पाच साहेबांना सरकायला सांगितलं होतं.

डॉ. शालन घोरपडे यांना हसू आलं आणि मग ते विरलं. यंत्र त्यांचंच. सराव करकरून मेंदूत जो ठसा उमटतो, तो ते एकाच्या डोक्यातून दुसऱ्याच्या डोक्यात उतरवायचं. संचालकांना ठशासाठी लंडनचा माणूस हवा होता. शालनताईंनी तो बेत उडवून लावला होता. "मासा पोहतो, पण तो पोहायला शिकलेला नसतो. आपल्याला शिकलेला माणूस हवा," असं म्हणून त्यांनी मोठ्या ऐटीत स्वतःचाच ठसा दिला होता.

"हे तुमच्याकडून आलंय का?" नचिकेतनं विचारलं.

"आमच्या पिसाळ गुरुजींकडून," त्या म्हणाल्या.

माणदेशातली दोन खोल्यांची शाळा. गुरुजी बियाण्याच्या खोक्याचे पुठ्ठे कापत, त्यावर इंग्रजी शब्द लिहीत आणि पोरांच्या गळ्यात अडकवत. ओळीत 'आय', मग 'मँगो', शेवटी 'ईट'. हे आपलं मराठी वाक्य. गुरुजींनी टाळी वाजवली की 'ईट'नं धावत येऊन 'मँगो'च्या आधी घुसायचं. 'ईट' म्हणजे शालन. 'मँगो' म्हणजे छबू, धनगराची पोर. रोज शालन 'सरक गं' म्हणत तिला कोपरानं ढोसायची आणि छबू न कुरकुरता शेवटी जायची. पाचवीत एका दिवाळीनंतर छबूचं बिऱ्हाड मेंढरांमागं कोकणात उतरलं ते शाळेकडे परतलंच नाही. शालननं चौकशीसुद्धा केली नाही. नव्या 'मँगो'च्या गळ्यात पुठ्ठा अडकला आणि वर्ग पुढे सुरू झाला. हे आठवून साठ वर्षांनी त्यांना मनापासून लाज वाटली.

"संचालकांचा निरोप आहे," नचिकेत चाचरत म्हणाला. "संध्याकाळपर्यंत तेवढा आवाज घासून टाकायचा. सगळ्यांच्या डोक्यातून, मूळ नोंदीतूनही. वाक्यरचनेला धक्का लागणार नाही, मी तपासलंय."

"आणि मला कसा ऐकू येत नाही तो?"

"तुमच्याकडे आहेच. पण रोजच्या वाटेवरचे दगड आपल्याला कुठे दिसतात? नवखा माणूस एकेक बघत चालतो. ठसा तुमचाच, पण तुमच्यापेक्षा त्यांना जास्त दिसतो."

शालनताईंनी तक्रारींची यादी पुढे ओढली. मग म्हणाल्या, "तक्रारीत लिहिलंय, 'सरक गं' म्हटल्यावर शिकाऊ क्षणभर अडखळतात. ते का?"

"ते कुणी विचारलं नाही."

"मग विचारू या."

जोरहाटची जोनाकी पडद्यावर आली. ती मुलाखत हिचीच. नोकरी हातची गेली होती, तरी पोरगी चिडलेली दिसली नाही. शालनताईंनी इंग्रजीत विचारलं, तशी ती सवयीनं "सरक गं" पुटपुटली, थांबली आणि मग सुरेख इंग्रजीत म्हणाली, "अडखळत नाही मी. ती उत्तर देते ना, तेवढं ऐकून घेते."

"कोण ती?"

"माहीत नाही. लहान मुलगी आहे. ती म्हणते..." जोनाकीनं डोळे मिटले आणि अर्थ न कळणारे शब्द जसेच्या तसे उच्चारले. ब्रह्मपुत्रेकाठच्या त्या पोरीच्या तोंडून माणदेश बोलला.

"तू हो म्होरं, शाले. म्या हाय की शेवटाला."

ही तर छबू. रोज ऐकलेलं वाक्य, आणि एवढ्या वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. त्या खरोखरच पुढे गेल्या होत्या, कितीतरी पुढे.

"मॅडम, घासायचं ना?" नचिकेतनं हळूच विचारलं.

"नाही. ठसा माझा आहे, माझी परवानगी नाही, असं कळवा. या मुलीला पुन्हा मुलाखत मिळेल ते मी बघते. आणि वापरसूचना काढा."

त्यांनी चष्मा पुसला आणि स्वतःच्या हातानं सूचनेत एक ओळ घातली: 'सरक गं म्हटल्यावर क्षणभर थांबावे. ती काय म्हणते ते ऐकून घ्यावे. मगच पुढे जावे.'