दुसरी बाटली

"माझ्या पोराला नुसतं पाणी देऊन मारलं हो!" म्हातारीने खुर्चीत टेकण्याआधीच सांगून टाकलं.

दाजी खाजगी तपासनीस आणि मेहुणा त्यांचा नावापुरता भागीदार. मेहुण्याला काही उमगलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

म्हातारीच्या धाकट्या मुलाच्या जखमेचं विष रक्तात भिनलं आणि तो शॉकमध्ये गेला. दवाखान्यात नव्या औषधाची चाचणी चालू होती. नेहमीचे उपचार सगळ्यांनाच, पण वर निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना मिठाचं पाणी. बाटल्या सारख्याच, वर फक्त नंबर; कुणाला काय हे डॉक्टरांनाही ठाऊक नसे. पोरगा गेल्यावर कळलं, की त्याच्या वाट्याला पाणी आलं होतं.

"थोरली सून त्याच वॉर्डात नर्स. काय उपयोग झाला?" म्हातारी फणकारली. "शेवटी पाय बर्फासारखे गार पडले होते त्याचे. बोटं काळीनिळी."

दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांना औषधाचं भारी कौतुक. "शॉकमध्ये शरीर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू बेसुमार बनवतं. रक्तवाहिन्या सैल पडतात, प्रेशर कोसळतं. आमचं औषध तो वायूच बनू देत नाही. वाहिन्या आवळल्या, की आकडा टुणकन वर!"

"या मुलाचा आकडा?" दाजींनी विचारलं.

"पहिल्या बाटलीला ढिम्म. दुसरीला असा उसळला, की मी खूश! शेजारच्या खाटेवर नेमकं उलट. पहिलीला उसळला, दुसरीला बसला. तो पेशंट मात्र हळूहळू बरा होऊन घरी गेला. रोगाची लहर, दुसरं काय!"

औषधं देणारा फार्मासिस्ट वैतागलेलाच होता. "कुठल्या नंबरात काय ते फक्त मला माहीत. म्हणून तर मला वॉर्डात पाऊल टाकायची बंदी होती."

थोरल्या सुनेचे डोळे सुजले होते. "दोन्ही खाटा माझ्याकडेच होत्या. दीर कसला, पोटच्या पोरासारखा वाढवला मी त्याला."

बाहेर पडताच मेहुणा म्हणाला, "फार्मासिस्टनेच नंबरांचा घोळ घातला!"

"मग पहिल्या बाटलीलाच घोळ दिसला असता," दाजी म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. मेहुण्याने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी म्हातारीच्या घरी सासूसुना दोघी समोर बसल्या.

"आजी, तुमच्या मुलाला पाणी नाही, औषध मिळालं," दाजी म्हणाले. "पाण्याने प्रेशर असं उसळत नाही. औषधाने वाहिन्या इतक्या आवळल्या, की त्यांतून रक्त ढकलताना हृदयच थकलं. म्हणून आकडा छान आणि पाय गार. दोन्ही खाटांचं दुसऱ्या बाटलीला एकदम उलटं झालं, म्हणजे बाटल्यांची अदलाबदल झाली. पहिल्या बाटलीचे आकडे बघून खरं औषध कुठलं, हे ओळखता येत होतं. फार्मासिस्ट तिथे नव्हता. डॉक्टरांना कळलं असतं, तर ते लहर म्हणाले नसते. दोन्ही खाटांवर बाटल्या टांगणारं माणूस एकच."

सून रडली नाही. "आकडा चढला तेव्हा मी देवाला हात जोडले. वाटलं, वाचला." मग तिने सासूकडे पाहिलं. "आई, रोज दारात तुम्ही एकच विचारायचात, घरात नर्स असून पोराला खरं औषध मिळत नाही का?"

मेहुण्याला वाटलं, आत्ताच्या आत्ता इथून उठून पळावं.

"पोलिसांत द्या मला," सून म्हणाली.

म्हातारी म्हणाली, "तुला न्यायला पोलीस येतील गं. मला न्यायला कोण येणार?"