शेंदुरगडचे दोन चाबुकस्वार

शेंदुरगडाच्या पूर्व बुरुजावर उन्हाची पहिली तिरीप पडली, तटावरून घसरत ती पागेच्या मैदानात उतरली, आणि रात्रभर दंवाने दबलेली लाल धूळ चाळीस घोड्यांच्या टापांखाली पुन्हा उठू लागली. गडाला वेढा पडून तो एकविसावा दिवस होता. खाली नरसिंगराव निंबगावकरांची राहुटी न् राहुटी मोजता येईल इतकी जवळ आली होती. तरी वर गडाच्या धनीण चिमाऊसाहेबांची आज्ञा अशी, की शिकवण एक दिवसही चुकता कामा नये.

मैदानाच्या कडेला दगडी ओट्यावर सुभानजी वाघचौरे बसले होते. तीस वर्षे ते या पागेचे चाबुकस्वार. शिंगरू हाताखाली घ्यायचे, त्याचा घोडा करायचा आणि त्या घोड्यावर पोराचा स्वार करायचा, हे त्यांचे काम. मैदानात फिरणारा घोडा न् घोडा त्यांनी घडवलेला होता, पण शिकवीत होता दुसराच. वेढ्याच्या तीन महिने आधी आऊसाहेबांनी जिवाजी नलगे या तिशीतल्या उस्तादाला शिकवणीसाठी बोलावून घेतले होते, आणि गडावरचे सारे तरुण बारगीर गुळाला मुंग्या लागाव्यात तसे त्याला लागले होते.

जिवाजीची तऱ्हा निराळी. घोड्याशी बोलायचे नाही, लगाम खेचायचा नाही. मांडीच्या दाबावर आणि बैठकीच्या तोलावर घोडा वळवायचा, म्हणजे दोन्ही हात भाल्याला मोकळे. सुभानजींचा सारा कारभार आवाजावर. त्यांच्या ‘हां बेटा’वर घोडी दुडकी चालायची आणि ‘हुश्श’वर थबकायची.

“मुकी शिकवण!” ते ज्याला त्याला सांगत. “घोडा म्हणजे काय ओंडका आहे, पायांनी ढकलायला?”

पण ऐकणारे उरले होते कोण? गेल्या महिन्यात त्यांचा स्वतःचा मुलगा बाजी त्यांचे रिंगण सोडून जिवाजीच्या रिंगणात गेला, आणि त्या दिवसापासून म्हाताऱ्याच्या घशाखाली घास सुखाने उतरला नव्हता. जळत होते ते, अगदी आतून जळत होते. हे झाकण्यात अर्थ नाही. गडावरच्या कुत्र्यामांजरांनाही ते ठाऊक होते.

त्याच सकाळी निंबगावकरांचे वकील गिरमाजीपंत पांढरे निशाण घेऊन तहाचे बोलणे करायला गडावर आले. आऊसाहेबांनी त्यांना मुद्दाम मैदानावरून आणले, गडावर अजून हिंमत किती आहे ते त्यांनी पाहावे म्हणून. पंत ओट्यापाशी थांबले. माणूस गोड आणि डोळ्यांचा तीक्ष्ण.

“वा! काय पागा आहे!” ते म्हणाले. “जिवाजीराव नलग्यांचे नाव आमच्या गोटातही ऐकू येते. आपण त्यांच्या हाताखाली असता वाटते?”

हाताखाली! सुभानजींच्या कानशिलांवरच्या शिरा तटतटल्या.

या धंद्यातली एक चाल बाहेरच्यांना ठाऊक नसते. प्रत्येक जुना चाबुकस्वार घोडा घडवताना त्याला एक चोरखूण शिकवून ठेवतो. उधळलेल्या घोड्यावरून एखादे पोर मरू नये, म्हणून ती शेवटची किल्ली त्याच्यापाशीच राहते. सुभानजींची खूण म्हणजे दोन बोटांची शीळ, दोन आखूड आणि एक लांब. ती त्यांनी कुणाला शिकवली नव्हती, बाजीलाही नाही.

सुभानजींनी बोटे ओठांत घातली आणि शीळ फुंकली.

भरधाव दौडणारे चाळीस घोडे एका ठायी उभे राहिले. सहा बारगीर मानेवरून पुढे जाऊन धुळीत पडले. जिवाजी रिकिबीत सावरून वळला आणि ओट्याकडे नुसता बघत राहिला.

“हाताखाली कोण आहे, ते आता आपणच ठरवा,” सुभानजी म्हणाले.

पंत हसले, वाकून मुजरा करून पुढे गेले, आणि तासाभराने तह फिसकटवून गड उतरले. म्हाताऱ्याने त्या दिवशी कितीतरी दिवसांनी पोटभर भाकरी खाल्ली.

दुपारी सदरेवर बोलावणे आले. आऊसाहेब चिकाच्या पडद्याआड होत्या. पण त्यांचा आवाज पडद्याआडचा नव्हता.

“गडावर आठ दिवसांचे धान्य आहे. मांजरठाण्याला त्र्यंबकराव मामासाहेब दोन हजार फौजेनिशी बसले आहेत, पण आमची हाक त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. दोन जासूद करवंदीच्या खिंडीत कापले गेले. म्हणून उद्या उजाडता चाळीस स्वार एकदम त्या खिंडीतून फोडून निघतील. एक पोहोचला तरी गड वाचला. म्होरक्या जिवाजीराव.”

“आज्ञा, आऊसाहेब,” जिवाजी म्हणाला.

सुभानजींना सकाळ आठवली, सदरेवर दुसऱ्या कुणाला नाही. शीळ पंतांनी ऐकली होती. शत्रूच्या गोटातही उस्ताद असतीलच. घोडे कशाने थांबले हे त्यांना एका शब्दात कळेल. खिंडीच्या चौकीवर कुणीतरी दोन बोटे ओठांत घालील, चाळीस घोडे उभे राहतील आणि वरून बंदुका झडतील.

हे बोलायला तोंड उघडायचे, तर भर सदरेत आपली फुशारकी कबूल करायची, तीही जिवाजीसमोर. आणि न बोलले, तर जिवाजी हरेल. का हरला, ते सांगायला कुणी उरणार नाही. चाळिसांत बाजी होता, हे म्हाताऱ्याला ठाऊक होते. तरीही ते सदरेवरून गप्प उठून आले. मत्सर माणसाला कुठवर नेतो, ते मी सांगतो आहे. ज्याला खरे वाटत नसेल, त्याला तो कधी डसला नसेल.

तिसऱ्या प्रहरी बाजी निरोप घ्यायला आला आणि पाया पडला.

“आबा, येतो.”

“उस्ताद कोण तुझा?” म्हाताऱ्याने विचारले.

बाजीने मान खाली घातली. “उस्ताद जिवाजीराव. तुम्ही वडील.”

“जा मग उस्तादाकडे.”

बाजी गेला. म्हातारा दारातून पाहत राहिला. पोराने पागेत उद्याच्यासाठी खोगीर बसवून पाहण्याआधी घोड्याच्या पाठीवरून उलटा तळहात फिरवला, मग सुलटा, मग पुन्हा उलटा. कुसळ, खडा, काटा काही रुतलेले नाही ना, ते पाहायला. सात वर्षांचा असताना ते त्याला सुभानजींनी शिकवले होते. जिवाजीच्या रिंगणातली पोरे असे करीत नाहीत. म्हाताऱ्याला रडू फुटले, मोठ्याने, बाईसारखे नाही आणि बाप्यासारखेही नाही. आणि तसेच ते अनवाणी सदरेकडे धावले.

आऊसाहेबांसमोर, जिवाजीसमोर, साऱ्या बारगिरांसमोर त्यांनी सगळे सांगितले.

“आज दुसरा कुणी असता तर कडेलोट केला असता,” आऊसाहेब म्हणाल्या. “उपाय बोला.”

“कान बंद करायचे. मेणात भिजवलेला कापूस घोड्यांच्या कानांत ठासायचा. शीळ ऐकू येणार नाही.” सुभानजी म्हणाले. पुढचे वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर येईना. “पण बहिरा घोडा माझ्या शिकवणीवर चालत नाही. तो… तो जिवाजीरावांच्या शिकवणीवर चालतो.”

जिवाजीने त्यांच्याकडे पाहिले. त्या नजरेत जीत नव्हती, आणि तेच म्हाताऱ्याला जास्त लागले.

“आणि मीही जाणार, सर्वांच्या मागे,” ते म्हणाले. “माझी हरणी घेऊन. तिचे कान मोकळेच राहतील. ती माझ्या आवाजाशिवाय पाऊल उचलत नाही.”

“काका, मग शिळेवर ती थांबेल,” जिवाजी म्हणाला.

“खिंडीचा गळा एका घोड्याच्या रुंदीचा आहे. तिथेच थांबेल. मागून पाठलाग करणाऱ्यांना वाट नको मिळायला.”

काहीजण म्हणतात, हे प्रायश्चित्त होते. असेल. पण अर्धा तरी मत्सरच होता, असे मला वाटते. सारे यश एकट्या नलग्याने न्यावे, हे त्यांना सोसणारे नव्हते.

उजाडता दरवाजा उघडला. एकेचाळीस घोडे उतार उतरले, वेढ्याची पहिली फळी झोपेतच तुडवून गेले आणि पाठीमागे शंभरावर स्वार लावून घेत खिंडीत शिरले. वरच्या कड्यावरून शीळ आली, दोन आखूड, एक लांब. चाळीस घोडे कान न हलवता वाऱ्यासारखे निघून गेले. गळ्याच्या तोंडाशी पोहोचलेली हरणी मात्र उभी राहिली. मालकाच्या एका शब्दावर ती सुटली असती. तो शब्द मालकाने उच्चारला नाही. त्यांनी भाला पेलला आणि लगामाने तिला जागच्या जागी मागे फिरवले.

तिसऱ्या दिवशी त्र्यंबकरावांची फौज आली आणि वेढा उठला. खिंडीत हरणी मेलेली सापडली, आणि तिच्या पोटाला टेकलेले सुभानजी जिवंत. उजवा पाय गुडघ्याखाली गेला होता. आऊसाहेबांनी वैद्य दिला, घर दिले, पोटाची तजवीज केली, पण पागा काढून घेतली. शिक्षा ती शिक्षा. पागेचे उस्ताद जिवाजीराव नलगे झाले.

उस्तादकीची वस्त्रे मिळाली त्याच दिवशी जिवाजी म्हाताऱ्याच्या बाजेपाशी येऊन बसला.

“काका, खिंडीतून निघताना मी मागे वळून पाहिले,” तो म्हणाला. “समोर शंभर तलवारी, वरून बंदुका, आणि घोडी तसूभर हलत नव्हती. चाळीस घोडे पळवून नेले, त्यात माझे काय? भ्यालेला घोडा पळतोच. पण अशी उभी राहणारी घोडी माझ्या हातून घडायची नाही, या जन्मी नाही. तेव्हापासून झोप नाही मला. हेवा वाटतो तुमचा. जळतो मी.”

सुभानजींनी डोळे मिटले. मग हाताने अंगणाकडे खूण केली.

“जरा मोठ्याने बोला, जिवाजीराव,” ते म्हणाले. “बाजी बाहेर उभा आहे.”