धुराची परवानगी

"हात लावू नका!"

मी दचकून मागे वळले. दारात तो उभा होता — गळ्यात पालिकेचं ओळखपत्र, हातात किल्ल्यांचा जुडगा, आणि चेहऱ्यावर साऱ्या जगाची जबाबदारी.

"माझ्याच चुलीला?" मी विचारलं. "शाळेत असेपर्यंत हिच्यावरच पाणी तापवलंय मी."

त्याचे कान लाल झाले. "म्हणजे तुम्ही... त्या घरातल्या?"

"त्या नाही. या!"

आमचं शेत कधीच गेलं, तिथे आता उंच इमारती आहेत. घर मात्र शहराने जपायला घेतलं. दारावर 'ऐतिहासिक शेतघर' अशी पाटी लावली, खोल्यांना दोऱ्या बांधल्या, आणि काळजीपोटी चूल विझवून टाकली. धूर थांबला तशी छपराच्या लाकडांना कीड लागली. पालिकेचा हा इंजिनीयर वर्षभर त्यांत औषध भरत होता, पण तुळई आतून पोखरली जातच होती.

"धूर बंद केलात, मग दुसरं काय होणार?" मी फणकारले.

"कळतं हो मला. वर सांगून सांगून तोंड दुखलं. जुन्या घरात आग नको, म्हणतात." तो खाली बघू लागला. "आता सगळंच उतरवणार आहेत. पुढच्या महिन्यात."

घरी बाबा अंथरुणाला खिळले होते, डॉक्टरांनी हात टेकले होते. त्यांचं एकच मागणं होतं — एकदा आपल्या चुलीपाशी बसायचं. तेच विचारायला मी आले होते. मी ते त्याला सांगितलं, आणि रडलेही. त्याने मला खुर्ची दिली. तिच्यावर 'बसू नये' अशी पाटी होती.

"तुमच्यापुरती पाटी उलटी करतो," तो म्हणाला.

त्यानंतर कामावरून सुटले की पाय तिकडेच वळायचे. 'घर बघायला' असं मी म्हणायचे. तोही बिचारा मान डोलवायचा.

एके दिवशी म्हणाला, "उद्या दुपारी बाबांना आणा."

"परवानगी मिळाली?"

"मी दिली."

"अहो, नोकरी जाईल!"

"जाऊ दे... तुम्ही यायच्या थांबलात, तर त्या नोकरीत तरी काय उरलंय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाबांना रिक्षाने दारापर्यंत आणलं.

बाबांना त्याने उचलूनच आत आणलं. किती हलके झाले होते! चूल काही केल्या पेटेना. नुसता धूर. आम्ही सगळे खोकून बेजार.

"कोण रे हा?" बाबांनी विचारलं.

"पालिकेचा माणूस."

"तरीच ओली लाकडं आणलीन!" ते हसले. मग डोळे मिटून धूर छातीत भरून घेत राहिले. बऱ्याच वेळाने माझ्याकडे बघत म्हणाले, "फुंकणी त्याच्याकडे दे. शिकू दे. पुढे तुलाच उपयोगी पडेल."

त्याच आठवड्यात बाबा गेले. समोरच्या इमारतीतून कोणीतरी धूर पाहिला, तक्रार केली, आणि त्याची नोकरीही गेली.

घर उतरवत होते तेव्हा आम्ही कुंपणाबाहेर उभे होतो. तुळई खाली येताच बिस्किटासारखी तुटली. मी तोंडावर पदर धरला.

"एवढं करून वाचलं काहीच नाही," तो म्हणाला. "घरही नाही, बाबाही नाहीत..."

"बाबा घरी जाऊन आले," मी म्हणाले. "ते तुमच्यामुळे."

त्याने पिशवीतून हळूच आमची फुंकणी काढली. टोकाला काजळी तशीच होती.

"पालिकेची मालमत्ता आहे. चोरली मी," तो म्हणाला. "तुमची आहे, घ्या. आणि... मला तुम्ही आवडता. आज बोलू नये, कळतं मला. पण उद्यापासून तुम्हाला भेटायला घर उरणार नाही."

फुंकणी पुढे करून तो ताटकळला होता.

"लावा ना हात," तो पुटपुटला.

मी फुंकणीसकट त्याचा हात धरला. आतमध्ये आमची भिंत पडत होती. मी तिकडे पाहिलं नाही.