मोराचा चमचा

"आप्पा, भूत दुसऱ्या सेक्टरचं आहे ना?" लाइट गेलेल्या गच्चीवर पार्थने विचारलं.

"नाही. नेरूळचंच. आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या जयप्रकाशकडची गोष्ट, ब्याण्णव सालच्या पौषातली."

त्या मंगळवारी जयप्रकाश गॅसचा नंबर लावून आला, तर बायको जिन्यातच उभी.

"अहो, वर चला... सासूबाई उठतच नाहीत."

जयप्रकाशच्या आईने, यशोदाबाईंनी, तरुणपणी साताऱ्याकडे एका सरदारांच्या घरी काम केलेलं. साहेब लोक जेवायला आले की तिथे चांदीचे, सोन्याचा मुलामा दिलेले काटे-चमचे निघत. दांड्यावर घराण्याचा मोर. ते धुऊन, पुसून, मोजून मखमलीच्या पेटीत ठेवायचं काम यशोदाबाईंचं. एकदा एक चमचा कमी भरला. चोर असं कुणी म्हणालं नाही. नुसतं कामावरून काढलं.

शेवटपर्यंत त्यांचं एकच सांगणं. "जया, बाईसाहेबांकडं जाऊन ये. म्हणावं, आईनं घेतला न्हाई. पेटी पुन्हा बघा."

सरदारांच्या बाईसाहेब तेव्हा बेलापूरला, लेकाच्या फ्लॅटात. रिक्षाने जाण्यासारखं.

"रविवारी जातो गं," जयप्रकाश म्हणायचा.

आई गेली त्या जागी रात्री दिवा लावला. रिवाजाप्रमाणे शेजारी परातीत पीठ पसरून वर टोपली पालथी घातली. जीव कुठल्या जन्माला गेला, त्याचं पाऊल सकाळी पिठात बघायचं. सगळे झोपले. जयप्रकाश दिव्यापाशी बसून राहिला.

दोन वाजून गेले असतील. स्वयंपाकघरात आवाज झाला.

किण्...

घरात स्टीलचेच चमचे. हा आवाज जड होता. पुसून, अलगद ठेवल्यासारखा.

किण्... किण्...

कुणीतरी मोजत होतं.

मग थांबलं. एक कमी भरल्यासारखं.

"आई...?"

दिवा हलला. टोपली मात्र जागची हलली नाही.

उजाडल्यावर त्याने टोपली उचलली. पाऊल नव्हतं. पिठात चमचा टेकवून उचलावा तसा ठसा. दांड्यावर मोर. पीस न् पीस उमटलेलं.

गच्चीवर पोरं आप्पांजवळ सरकली.

"म्हणजे... त्यांनीच घेतला होता?" पार्थने हळूच विचारलं.

"की चमचा पेटीतच सापडला, हे सांगायला आल्या? पेटी बघितली असती तर कळलं असतं."

"मग?"



"पुढल्या वर्षी बाईसाहेब गेल्या. पेटी कुठे विकली, कुणाला ठाऊक नाही."

"आणि जयप्रकाशकाका?"

"तो बेलापूरला गेलाच नाही."