गेरूचा जाड ठिपका

वीरभद्रप्पांनी आपल्या बंगल्याच्या बागेतल्या ताडाची सुरळी सहज ओढून पाहिली, आणि ती उपटून हातातच आली!

सुरळी म्हणजे शेंड्यातलं न उमललेलं पान. तिच्या बुडाशी कोयत्याचा सरळ काप होता आणि ती नुसती खोचून ठेवलेली होती. शेंडा गेला की ताड संपला, त्याला दुसरा फुटवा नाही. परदेशातून बी आणून अकरा वर्षं वाढवलेला, पण अजून कमरेएवढाच असलेला हा थॅच पाम जातीचा ताड. तिकडं म्हणे गोरगरीब याच्या पानांनी झोपड्या शाकारतात. इथं सोलापुरात त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात विहिरी कोरड्या, ओढ्याकाठची शिंदीसुद्धा करपलेली, आणि या लाडोबाला रोज दोन बादल्या पाणी. घ्या!

फौजदार हिंदुराव आले तेव्हा माळी जोतीरामला खांबाला बांधलेलं होतं.

"कुणी बांधलं?"

"मी," वीरभद्रप्पांचा धाकटा भाऊ सोमलिंग म्हणाला. "कोयता याचा. काल याच्या बायकोनं सगळ्यांसमोर ताडाला शाप दिला, आज ताड मेला. घाला बेड्या!"

"व्हय, दिला शाप!" जोतीरामची बायको दगडाबाई उसळली. "पोरं तहानलेली आन् ताडाला बादल्या! पर माझ्या घरधन्यानं त्याला लेकरागत वाढवलाय. त्यो कशाला मारील?"

"आधी दोरी सोडा," हिंदुराव गुरकावले. बड्या बंगल्यातला हा परस्पर न्याय त्यांच्या डोक्यात गेला होता.

त्यांनी सुरळी हातात घेतली. तिच्यावर बोटबोट अंतरानं तांबडे ठिपके होते. "हे काय?"

"गेरू, सायेब," जोतीराम म्हणाला. "दर सोमवारी शेजारच्या जुन्या पानाची कड धरून सुरळीवर ठिपका देतो. सुरळी वाढली की ठिपका वर सरकतो, मग त्याच्या खाली नवा. वाढ कळती."

सगळ्यात खालचा ठिपका जाड होता. हिंदुरावांनी तो नखानं खरवडला. थरावर थर निघाले.

"हा असा का?"

"तीन सोमवार तितंच पडला. वाढच न्हाय. वाटलं, पानी कमी पडतंय. मालकांस्नी सांगायचा धीर झाला न्हाय."

"त्याच्या आधी कुठं होतास?"

"आई वारली. आमी दोघंबी धा दिस गावाकडं, करकंबला हुतो. झोपडी उघडीच हुती."

हिंदुरावांनी वाकून शेंड्याच्या खोबणीचा वास घेतला. कुजका, शिळा वास. एका रात्रीचा तर नक्कीच नव्हे.

"त्या दहा दिवसांत बंगल्यात काय होतं?"

"माझ्या लेकीचं लग्न," वीरभद्रप्पा म्हणाले.

"बाशिंग कुणी केलं?"

सगळे चमकले. ताडाच्या खुनात बाशिंग कुठून आलं?

"मी," सोमलिंग छाती काढून म्हणाला. "आपल्या घरची रीतच आहे ती. ओढ्यावरच्या शिंदीच्या कोवळ्या पानांचं."

"बघू."

वीरभद्रप्पांची बायको रत्नम्मा देवघरातल्या खुंटीवरचं बाशिंग घेऊन आली. हिंदुरावांनी ते उन्हात धरलं.

"शिंदीची पाती सुटी असतात. आमच्या गावी मी स्वतः तोडलीत. हे एकाच पानाच्या घड्यांचं आहे, या ताडाचं असतं तसं, पंख्यासारखं जोडलेलं. सोमलिंगराव, ओढ्यावरची शिंदी करपलेली. कोवळं पान मिळेना, मुहूर्त तोंडावर. झोपडीतला कोयता घेतलात, शेंडा कापलात, आतलं पांढरं कोवळं पान काढलंत आणि बाहेरची सुरळी परत खोचून ठेवलीत. ताडाची खालची पानं शेंडा मेल्यावरही महिनाभर हिरवी राहतात, म्हणून सगळ्यांना वाटलं तो एका रात्रीत मेला. पण गेरू सांगतो, जोतीराम करकंबहून आल्यापासून ही सुरळी केसभरही वाढलेली नाही. तो यायच्या आधीच ताड मेला होता."

सोमलिंगची मान खाली गेली. "शिंदी कापल्यावर ती जगली का मेली, कोण मागं वळून बघतो? वाटलं, परत फुटेल."

"नाही फुटला, तर माणूस बांधलात!"

वीरभद्रप्पांनी हात जोडले. "फौजदारसाहेब, घरातलं घरातच राहू द्या."

"खांबाला बांधलात तेव्हा नव्हतं ते घरातलं. जोतीराम, ठाण्यात चल. तक्रार आता तू द्यायची."

जोतीरामनं बाशिंगाची एक घडी अंगठ्यानं उलगडून पाहिली आणि तो ढसाढसा रडला. अकरा वर्षं!

दगडाबाई रडत बसली नाही. ताडाच्या बुडाशी भरून ठेवलेल्या दोन बादल्या तिनं उचलल्या.

"ए, ते ताडाचं पाणी आहे!" सोमलिंग सवयीनं ओरडला.

"मेल्याला पानी कोन पाजतं?" ती म्हणाली आणि झोपडीकडे निघाली. तिला अडवायला कुणी पुढं झालं नाही.