करवंदपाड्याच्या चढणीवर निसटणारा गिअर

रामनवमीला, बरोबर बाराच्या ठोक्याला, करवंदपाड्यावरच्या रामापुढे मालतीबाईंनी जन्माचं कीर्तन करायचं, एवढ्यासाठी आम्ही निघालो होतो. साल एक्क्याऐंशी. महाप्याच्या मागचा डोंगर चढून, रान ओलांडून गेलं की हा पाडा लागतो. दोन वर्षांपूर्वी मालतीबाईंचा आवाज गेला. घशाचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांनी नवस बोलला: आवाज परत आला तर पहिलं कीर्तन पाड्यावर, जन्माच्या घटकेला. आवाज आला म्हणे! पण त्या दिवसापर्यंत त्यांनी ओवीसुद्धा गुणगुणली नव्हती. ज्या गळ्याने आमच्या बोनकोडे गावाला रडवलं, हसवलं, तो गळा आता कसा लागेल, हे त्या स्वतःही जाणत नव्हत्या.

जीप बाजीरावची, मिलिटरीच्या लिलावातून घेतलेली. त्याच्या शेजारी बाई. मागे मी, माझी पेटी आणि कासिम. कासिम रबाळ्याच्या कारखान्यात फिटर, मूळचा उरणकडचा. बाईंच्या कीर्तनाला तो देवळाच्या पायरीवर बसायचा आणि उत्तररंगातली कथा सुरू झाली की सरकत सरकत खांबापर्यंत यायचा.

नऊला डांबरी रस्ता सुटला. खाली खाडी, मिठागरांचे पांढरे चौकोन, कारखान्यांची धुरांडी, आणि वर चैत्राचं रान, जिकडेतिकडे पळस पेटलेला, करवंदीच्या जाळ्यांत पांढऱ्या फुलांचा वास, आणि मधूनच कुठेतरी भारद्वाजाचा घुमणारा आवाज. अशा रानात माणूस आपोआप हळू बोलतो.

पहिल्या चढावर दुसरा गिअर निसटला. टक्! इंजिन नुसतंच गुरगुरलं. बाजीरावने परत टाकला. शंभर पावलं गेलो, परत निसटला.

"धरून ठेव ना हाताने," मी म्हणालो.

"धरू नका!" कासिम ओरडला. "जोराने दाबून धरला तर आतला गिअर सरकवनारा फोर्क घासून जाईल. मग गिअर निसटनार नाय, टाकताच येनार नाय."

"कासिमभाऊ, तुमची लेक्चरं पाड्यावर," बाजीराव म्हणाला. "साडेदहा वाजलेत."

आणि जुन्या खाणीच्या वळणावर ते झालं! उजवीकडे कडा, खाली चाळीस हात खोल खाण. गिअर उडाला. जीप थांबली. मग मागे सरकू लागली! बाजीरावने ब्रेकवर उभं राहावं तसा पाय दिला. चाकं घसरली. खडी सुटली. मी उडी मारली! हाताला लागला तो धोंडा मागच्या चाकाखाली लोटला. जीप त्यावर टेकली, हलली, थांबली.

बाईंनी डोळे मिटून हात जोडले, मग डोळे उघडून शांतपणे विचारलं, "कासिम, हिला काय होतंय?"

"बघायला वेळ द्यावा लागंल, बाई."

"दिला."

कासिमने अजून दोन धोंडे चाकांखाली दिले. मग इंजिन बंद करवलं, क्लच दाबायला लावला आणि स्वतः दांडा दुसऱ्यात टाकला. टक् असा भरीव आवाज आला. "बसतोय पूर्ण. गिअर जागेवर धरनारी आतली गोळी-स्प्रिंग ठीक वाटते." मग जीप चालू करून क्लच अगदी थोडा सोडायला सांगितला आणि दोन बोटं दांड्यावर नुसती टेकवली, वैद्य नाडी बघतो तशी. इंजिनाने जोर धरताच दांडा चार बोटं मागे गेला; जोर सोडताच पुढे आला.

"दांडा एकटा नाय हलत," तो म्हणाला. "अख्खा गिअरबॉक्स हलतोय! चढावर जोर आला की डबाच सरकतो, आणि दांडा खालच्या पत्र्याला अडकून गिअर बाहेर येतो."

तो खाली शिरला. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "बाजीराव, डबा धरनाऱ्या माउंटिंगचा एक नट गायब, दुसरा हाताने फिरतोय. रबर फाटलंय. परवा डबा उतरवून चढवलास ना? आवळला नव्हतास?"

बाजीरावचा चेहरा उतरला. त्याच्या घरची रीत अशी की आरतीची घंटा झाली की हातातलं काम तिथंच ठेवायचं. परवा संध्याकाळी दोन्ही नट नुसते हाताने बसवून तो पाना घ्यायला वळला, तेवढ्यात घंटा झाली. वर मीच अंगणातून हाक मारलेली, "बाजीराव, चल, आरती!" आरतीनंतर प्रसाद, प्रसादानंतर भजन. पाना राहिला तो राहिलाच.

"अर्धा दोष माझा," मी म्हणालो.

"मग अर्धी चप्पल द्या," खालून कासिम म्हणाला. "टायरचीच आहे ना तुमची?"

माझ्या चपलेचा तळ कापून फाटक्या रबराच्या जागी जाड चकती झाली. गायब नटासाठी टपाच्या फ्रेमचा एक नट काढला. बाजीराव आणि कासिम दोघं जीपखाली. सव्वाअकरा. साडेअकरा. नट आट्यांत बसेना, परत फिरवा. पावणेबारा.

"बाई, एक नट आवळलाय," बाजीराव बाहेर डोकावून म्हणाला. "निघू या? बारापर्यंत पोचतो. फार फार तर गिअर एकदा निसटंल."

बाईंनी कड्याकडे पाहिलं, मग आम्हा तिघांकडे. त्यांच्या दोन वर्षांच्या नवसाची ती घटका होती. "एकदाच निसटला तरी बास आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही आवळ."

दुसरा नट अर्धाच आवळला होता, तोच बाराला वरून, रानावरून तरंगत, पाड्यावरची घंटा आली. जन्म झाला! बाजीरावचा हात सवयीने पान्यावरून सुटला.

"हात थांबवू नकोस!" बाई कडाडल्या. "देव काय आरतीतच असतो? आधी नट!"

पाना परत फिरला. घंटा वाजत होती आणि पाना फिरत होता. मी पदराने डोळे पुसणाऱ्या बाईंकडे पाहिलं नाही, खाणीकडे पाहत उभा राहिलो.

मग जीप चढली. कासिमची दोन बोटं दांड्यावर. दांडा हलला नाही! उरलेली चढण आम्ही अगदी सावकाश, पहिल्या-दुसऱ्यात पार केली.

पाड्यावर पोचलो तेव्हा पाऊण वाजला होता. पाळणा हलवून झाला होता, गुलालाने जमीन लाल झाली होती. पाड्यावरच्या सुंदराबाईंनी, वय सत्तर, तोंडात तीन दात, स्वतःच पाळणा म्हटला होता. त्या ओशाळून म्हणाल्या, "मालती, वाट बघितली गं. पन घटका कुनासाठी थांबते?"

"थांबू नयेच," बाई म्हणाल्या. त्या रामापुढे बराच वेळ बसून राहिल्या. नवस मोडला होता, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

मग त्या उठल्या. कमरेला पदर खोचला. "दिनानाथ, पेटी काढ." मला काळी एक, खालची पट्टी, धरायला सांगितलं. पूर्वी त्या काळी चार गायच्या.

"मंडळी," त्या म्हणाल्या, "जन्माला मी आले नाही. पण मूल जन्मलं म्हणजे कुणाला तरी त्याचं नाव ठेवायला लागतं. आज बारसं करू या."

लोक हसले. कासिम दारातून खांबापर्यंत आला.

बाईंनी श्वास घेतला. पहिला स्वर लागला. खरखरीत, खालचा, माझ्या ओळखीचा नसलेला. मधेच तुटला. त्यांनी तो परत घेतला, थोडा खालून, आणि या वेळी तो लागून राहिला.