एकाहत्तर सालची वही

आयर्लंडमधल्या शॅननला विमानतळामागे, कारखान्यांच्या कुंपणाला लागून एक फुटबॉलचं मैदान आहे. २००४ साली तिथल्या क्लबचा सेक्रेटरी होता नागपूरचा प्रताप देशकर. आता सॉफ्टवेअरवाल्या नागपूरकराचं तिथे काय काम, असं कुणीही विचारेल. तर १९६३ मध्ये जर्मनीतल्या एका छोट्या गावातून बारा कारागीर इथल्या कारखान्यांत आले. गावच्या क्लबाचं नावच त्यांनी इथे लावलं, कॉन्कॉर्डिया, आणि गावची शिस्तही आणली. प्रत्येक सीझनला एक वही, प्रत्येक मॅचला वहीचं एक पान. हवा कशी होती, गोल कुणाचे, भांडण कुणाचं, सगळं लिहायचं. पुढे जर्मन पांगले, आयरिश पोरं आली, आणि लिहायचा कंटाळा सगळ्यांना. प्रताप एकदा नुसता बघायला गेला आणि सेक्रेटरीपद त्याच्या गळ्यात पडलं.

पडलं ते बरंच झालं म्हणा. ऑफिसात पाच वर्षं तो नुसता 'तो इंडियन' होता. शनिवारी मैदानावर मात्र चार माणसं त्याला नावाने हाक मारायची. त्या हाकेसाठी तो आठवडाभर वाट बघायचा.

क्लबची खोली म्हणजे चहाची किटली, वह्यांचं एक कपाट आणि दाराजवळ एक खुंटी. खुंटीवर जुनाट हिरवा स्वेटर. डाव्या मनगटाशी तीन ओळी विटकरी लोकरीच्या, बाकी कसरीने खाल्लेला. तो कुणी काढत नसे. का, ते कुणालाच सांगता यायचं नाही.

त्या वर्षी मैदानावर घरं बांधायची टूम निघाली. मूळ मालकाने जर्मनांना लिहून दिलं होतं, चाळीस सीझन खंड न पडता खेळलात तर जागा कायमची तुमची. मालकाकडच्या सॉलिसिटरने पुरावा म्हणून चाळीस वह्या मागितल्या. प्रतापने मोजल्या, एकोणचाळीस भरल्या. एकाहत्तर सालची नव्हती.

बारा जणांतला एकच उरला होता, वर्नर. वय ऐंशीच्या घरात. तो म्हणाला, त्या साली आम्ही खेळलो, मी स्वतः खेळलो, वही तेवढी हरवली. मग कपाटातून त्याच जुन्या बनावटीची एक कोरी वही काढून त्याने प्रतापपुढे सरकवली. मी सांगतो, तू लिही. कुणाला कळणार आहे?

रविवारी दुपारी प्रताप वही घेऊन एकटाच खोलीत बसला. पहिलं पान उघडलं आणि लहानपणापासूनच्या सवयीने वर मधोमध 'श्री' लिहिलं. शेपूट जरा लांब, त्याचे वडील काढायचे तसं.

पुढे हात चालेना. वर श्री आणि खाली धडधडीत खोटं? त्याने वही मिटली, कपाटात ठेवली आणि घरी आला.

घरी त्याची बायको उल्का विणत बसली होती. शेजारच्या आयरिश आजींनी त्या हिवाळ्यात तिला शिकवलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हसली. म्हणाली, "श्री घातल्यावर तू काय खोटं लिहिणार, कर्माचं!" मैदान जाणार म्हणून त्याला रडू येत होतं, तरी तोही हसला.

सोमवारी दुपारी वर्नरचा फोन आला. वही सापडली होती.

त्याच कपाटात, म्हणे, अगदी पुढेच होती. प्रताप धावत गेला. पानं पिवळी पडलेली, ओल्या भिंतीचा वास, शाई तपकिरी. सव्वीस मॅचेस. कुणाचा दात पडला, कुठल्या शनिवारी धुक्यात बॉल हरवला, सगळं. जुन्या खेळाडूंना एकेक गोष्ट आठवली. सॉलिसिटरने पानं भिंगाखाली धरली आणि मान डोलावली. मैदान वाचलं. प्रतापचा जीव भांड्यात पडला. पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन मैदानाची फेरी मारली, आणि इतकं सुख त्याला या देशात कधी मिळालं नव्हतं.

गर्दी पांगल्यावर त्याने वही पुन्हा उघडली. कपाटात रविवारची ती कोरी वही कुठे दिसत नव्हती.

पहिल्या पानावर, वर मधोमध, फिकट तपकिरी शाईत 'श्री' होतं.

शेपूट लांब.

त्याने दुसरं पान उलटलं. तिथेही. तिसऱ्यावरही. सगळ्या सव्वीस पानांवर.

"ती खूण ना?" मागून वर्नर म्हणाला. "त्या वर्षीचा सेक्रेटरी काढायचा. फार चांगला माणूस. नाव काही आठवत नाही बघ."

"कुठे गेला तो?"

"सीझन संपला आणि एका शनिवारी दिसेनासा झाला. आम्ही खूप शोधलं." वर्नरने खुंटीकडे मान वळवली. "स्वेटर तेवढा राहिला. येईल म्हणून ठेवलाय."

प्रताप घरी आला. उल्का दारातच उभी होती, खुशीत. तिने स्वेटर त्याच्या खांद्यांना लावून पाहिला. हिरवा, कोरा, अगदी मापाचा.

"डाव्या मनगटाला लोकर कमी पडली रे," ती म्हणाली. "घरातली विटकरी लावली, तीनच ओळी. शनिवारी घालून जा. आणि तिथे खुंटीवर विसरून येऊ नकोस."